दोघांचा मिळून एकच भ्रम: बंद घरात संशय एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुरुग्रामच्या चक्करपूर भागात एका भाड्याच्या घराचं दार तोडावं लागलं. पोलीस होते, आरोग्य खात्याचे लोक होते, बालकल्याणवाले होते. आत एक आई आणि तिचा दहाएक वर्षांचा मुलगा. करोनाच्या भीतीने तीन वर्षं दोघांनी उंबरठा ओलांडला नव्हता. २०२० मध्ये निर्बंध सैल झाले तसा मुलाचा बाप कामावर गेला, तो परत घरात घेतलाच गेला नाही. मग तो दुसरीकडे खोली घेऊन राहिला. व्हिडिओ कॉलवर बोलायचा, घरभाडं आणि शाळेची फी भरायचा, किराणा दाराशी ठेवून निघून जायचा. सिलिंडरवाला आत येईल म्हणून गॅस बंद केलेला, स्वयंपाक इंडक्शनवर. कचरासुद्धा तीन वर्षं घरातच साठलेला.

अशी बातमी ही एकटीच नव्हे. २०२१ मध्ये आंध्रातल्या कडली गावात एका कुटुंबातल्या बायका करोनाच्या धास्तीने सुमारे पंधरा महिने घरात कोंडून घेऊन होत्या. त्याआधी, करोनाचं नावही नव्हतं तेव्हा, एप्रिल २०११ मध्ये नोएडात दोन सुशिक्षित बहिणी कित्येक महिने बंद असलेल्या घरातून बाहेर काढल्या गेल्या. थोरली दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात वारली.

बातमी वाचून कुणाचं निदान करू नये, ते तपासणाऱ्या डॉक्टरांचं काम. पण प्रत्येक वेळी वाचणाऱ्याच्या मनात येणारा प्रश्न रास्त आहे. एकाचं डोकं फिरलं, हे समजतं. दुसऱ्याचं काय? दुसऱ्याला दार उघडता येत होतं ना?

मनोविकारशास्त्राला हा प्रश्न जवळजवळ दीडशे वर्षं माहीत आहे. आणि उत्तर लोकांना वाटतं त्यापेक्षा साधं आहे: दुसऱ्याला आजाराची लागण होत नाही, त्याचा पडताळा बंद पडतो.

आधी दोन शब्द नीट करून घेऊ

भास म्हणजे नसलेलं ऐकू येणं, दिसणं, वास येणं. कुणी नसताना आवाज आला, हा भास.

भ्रम म्हणजे चुकीची, पण हलवता न येणारी खात्री. ‘शेजारी भिंतीतून वायू सोडतात’ हा भ्रम. भ्रमाची ओळख त्याच्या विषयावरून होत नाही, त्याच्या कडकपणावरून होते. पुरावा दाखवला की साधा गैरसमज सैल पडतो. भ्रम पुराव्यालाच आपल्या बाजूला ओढून घेतो. गॅस कंपनीचा माणूस तपासून ‘काही गळती नाही’ म्हणाला, तर तोही त्यांना मिळालेला असतो.

भ्रम आणि भास ज्या अवस्थेत ठळक असतात तिला सायकोसिस म्हणतात. ती स्किझोफ्रेनियात दिसते, तीव्र नैराश्यात दिसते, म्हातारपणी स्मृतिभ्रंशात दिसते, काही औषधांनी आणि गांजानेही होते. म्हणजे ताप जसा अनेक रोगांत येतो, तशी ही अवस्था. आणि जवळच्या नात्यातल्या दोघांचा (क्वचित तिघा-चौघांचा) भ्रम एकच असेल, एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला असेल, तर त्याला म्हणायचं सामायिक सायकोसिस. शब्द एवढेच.

पॅरिस, १८७७

फ्रान्समधल्या शार्ल लासेग आणि ज्यूल फाल्रे या दोन डॉक्टरांनी १८७७ मध्ये अशा जोड्यांवर निबंध लिहिला आणि नाव दिलं ‘फॉली आ द’, दोघांचं वेड. त्यांनी घातलेल्या तीन अटी आजही बऱ्याच अंशी टिकून आहेत. पहिली, जोडीतला एक पुढाकार घेणारा आणि दुसरा त्याच्यावर विसंबलेला. दुसरी, दोघं दीर्घकाळ एकत्र आणि बाकी जगापासून तुटलेले. तिसरी मला सगळ्यांत मार्मिक वाटते: भ्रम शक्यतेच्या कोटीतला हवा. ‘मी चंद्रावरून आलोय’ हे सहसा दुसऱ्याच्या गळी उतरत नाही. ‘भाऊबंद जमीन लाटायला टपलेत’ हे उतरतं, कारण तसं जगात घडतं. करोनाच्या भीतीला तर सरकारी शिक्काच होता.

वर्गीकरणात हा आजार पुढे इकडून तिकडे हलत राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत त्याला ‘एफ२४’ असा स्वतंत्र क्रमांक होता. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेतून २०१३ मध्ये स्वतंत्र नाव गेलं. आता दुसऱ्या व्यक्तीची लक्षणं पाहून तिचं तिचं निदान करतात. हा निव्वळ कारकुनी बदल नव्हे. ‘हा नुसता प्रभावाखाली आहे’ असं समजून दुसऱ्याकडे दुर्लक्ष व्हायचं, ते थांबावं हा त्याचा उपयोग.

हळूहळू, एका घरात

समजा, दोन अविवाहित बहिणी आहेत. थोरली सत्तरीला टेकलेली, बँकेतून निवृत्त, सगळे व्यवहार तिच्या हातात. धाकटी चौसष्ट वर्षांची, आयुष्यभर घर सांभाळलेली. आई होती तोवर माणसं यायची. आई गेली, येणं-जाणं आटलं. थोरलीला ऐकू कमी येऊ लागलंय, पण यंत्र नको म्हणते.

एके दिवशी थोरली म्हणते, “बाथरूमला कसला गं वास येतोय?” धाकटी हुंगते. “ड्रेनेजचा असेल, ताई.” हे पहिलं उत्तर निरोगी आहे. त्यात ‘असेल’ आहे, दुसरी शक्यता आहे.

आठवड्याने ताईचं ठरलेलं असतं: वरच्या मजल्यावरचे डक्टमधून काहीतरी सोडतात. रात्री दोनला सोडतात. धाकटी म्हणते, “मला नाही आला.” ताई म्हणते, “तुला सर्दी आहे. आणि तू झोपलेली असतेस.” आता धाकटीपुढे दोन वाटा आहेत. ताईचं चुकतंय म्हणायचं, म्हणजे रोज भांडण, ताईचं न जेवणं, आणि घरात बोलायला दुसरं कुणी नाही. किंवा ‘असेल बाई’ म्हणून गप्प बसायचं. ती गप्प बसते. हा विश्वास नाही, तडजोड आहे.

मग मोरीच्या जाळीवर ओलं फडकं येतं. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी. कामवाली बंद, ‘ती वर पण काम करते.’ दूध पिशवीचं, कारण दूधवाला भांडं हाताळतो. फडकं बदलायचं काम धाकटीचं. रोज रात्री दोनला उठून ती फडकं बदलते, आणि वास येतोय का बघते. झोपमोड झालेली, छाती धडधडतेय, बंद मोरीत कुबट वास असतोच. सहाव्या की सोळाव्या रात्री ती स्वतःहून म्हणते, “ताई, आज मलाही आला.”

इथे रेघ ओलांडली गेली. ताईला साक्षीदार मिळाला; तिची खात्री दुप्पट झाली. आणि धाकटीने जे पटत नसताना करायला घेतलं होतं, ते करता करता पटलं. माणूस आधी मानतो आणि मग वागतो, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा क्रम उलटा असतो.

शितावरून भाताची परीक्षा

थोरलीच्या मेंदूत काय होत असतं? एक मान्य होत गेलेलं स्पष्टीकरण असं. डोपामिन नावाचं रसायन मेंदूला सांगतं, ‘इकडे बघ, हे महत्त्वाचं आहे.’ सायकोसिसमध्ये ही घंटा अवेळी, कशावरही वाजते. गाडीचा हॉर्न, शेजाऱ्याचं खाकरणं, पाइपातला गुळगुळ आवाज, सगळंच आपल्याला उद्देशून वाटू लागतं. ही बेचैनी सहन होत नाही, म्हणून मन तिला गोष्ट पुरवतं. भ्रम म्हणजे ती गोष्ट. गोष्ट सापडली की बरं वाटतं, म्हणून ती सोडवत नाही.

दुसरा भाग घाईचा. प्रयोगात दोन बरण्या घेतात. एकीत ८५ लाल आणि १५ निळे मणी, दुसरीत उलट. बरणी लपवून एकेक मणी काढून दाखवतात आणि विचारतात, कुठली बरणी? हवे तितके मणी मागता येतात. भ्रम असलेल्यांपैकी बरेच जण एक-दोन मण्यांवरच ठाम उत्तर देतात; इतर लोक सरासरी जास्त मणी बघून घेतात. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण ती स्वयंपाकघरात. तिथे सगळी शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात. जगातली नसतात.

आणि धाकटीचं? तिच्या मेंदूत ही घंटा मुळात बिघडलेली असेलच असं नाही. तिच्यासाठी सॉलोमन ॲश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग आठवावेत. रेघांची लांबी ओळखायची, अगदी सोपं काम. पण खोलीतल्या बाकीच्यांनी (ते आधीच पढवलेले) एकमुखाने चुकीचं उत्तर दिलं, की डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही बरेच लोक कधी ना कधी त्यांच्यासारखं उत्तर देत. खोलीत फक्त एक जण बरोबर बोलणारा ठेवला, की ही चूक साधारण पाव हिश्श्यावर उतरे. पाचपंचवीस नकोत, एक पुरतो.

दोघांच्याच घरात तो एक नसतो. आपण सगळे दिवसभरात कितीतरी शंका नकळत तपासून घेतो. ‘आज पाण्याला वास येतोय का हो?’ असं जिन्यात विचारतो. समोरची बाई म्हणते, ‘टाकी धुतली ना काल.’ झालं, शंका मिटली. पेपरवाला, वाणी, भिशीतल्या बायका, वॉचमन हे सगळे फुकटातले पडताळे आहेत.

मग कोंडून घेणं हे कारण की परिणाम?

दोन्ही, आणि म्हणूनच ते सोडवणं अवघड. भ्रम दार लावून घेतो. लावलेलं दार भ्रमाला टिकवतं. सामायिक सायकोसिसच्या नियतकालिकांत छापून आलेल्या प्रकरणांचा १९९५ मध्ये आढावा घेतला गेला तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जोड्या समाजापासून तुटलेल्या आढळल्या.

बंद घर शरीरावरही काम करतं. पडदे ओढलेले, ऊन नाही, म्हणून दिवसरात्रीचं घड्याळ सरकतं. झोप तुटते, आणि तुटलेली झोप एकटीच संशय वाढवायला पुरेशी असते. दूध, अंडी, मांस-मासे कमी झाले की बी-१२ जीवनसत्त्व घटतं. त्याची तीव्र कमतरता स्वतःच भास-भ्रम घडवू शकते. ऐकू न येणं तर फारच दुर्लक्षित कारण. अर्धवट ऐकू आलेलं बोलणं मेंदू स्वतःच्या भीतीप्रमाणे पुरं करतो. जिन्यात दोघं हळू बोलत असली, तर ती आपल्याबद्दलच बोलतात. म्हातारपणी प्रथमच उद्भवलेल्या संशयात कान तपासून घ्यावेत, ही सूचना किरकोळ वाटते. तशी ती नाही.

‘रक्तातच असेल त्यांच्या’

अंशतः खरं. स्किझोफ्रेनियाचा धोका सर्वसाधारण माणसाला आयुष्यात शंभरात एकाच्या आसपास, तर सख्ख्या भावंडाला झाला असेल तर शंभरात नऊ-दहाच्या आसपास. म्हणजे बहिणी-बहिणींत किंवा माय-लेकांत दुसऱ्याची जमीन आधीच थोडी भुसभुशीत असू शकते. पण नवरा-बायकोच्या जोड्याही भरपूर आढळतात, आणि त्यांचं रक्त एक नसतं. त्यामुळे सगळं अनुवंशावर ढकलता येत नाही. त्याच हिशेबाने, भावंडांतल्या नव्वदेकांना हा आजार होत नाही, हेही लग्नं जमवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

‘दुसरा मूर्खच असला पाहिजे’

नाही. दुसऱ्यात काही वेळा नैराश्य, बौद्धिक मर्यादा किंवा स्मृतिभ्रंश असतो, पण पदव्या घेतलेली, नोकऱ्या केलेली माणसंही यात सापडतात. निर्णायक गोष्ट बुद्धी नसून अवलंबून असणं आहे: पैसा कुणाच्या हातात, निर्णय कुणाचे, आणि हे नातं तुटलं तर दुसऱ्याकडे उरतं काय. लहान मुलाला तर पर्यायच नसतो. सात वर्षांच्या पोराला आई सांगते बाहेर गेलास तर मरशील. त्याने पडताळा कुठे घ्यायचा? त्याला आजारी म्हणण्यापेक्षा, त्याला चुकीचा नकाशा दिला गेलाय असं म्हणणं बरोबर. मुलं बाहेर काढल्यावर सहसा लवकर सावरतात, ते यामुळेच.

‘तेव्हा तर आपण सगळेच घाबरलो होतो’

हो, आणि भाज्या साबणाने धुतल्या, पाकिटं उन्हात ठेवली. फरक असा की परिस्थिती बदलली तशी आपली भीती बदलली. लस आली, शाळा उघडल्या, एकेक करत आपण बाहेर पडलो. रास्त भीती बातम्यांबरोबर वरखाली होते. भ्रम एकाच आकड्यावर अडकलेल्या काट्यासारखा असतो. ओळखायचं असेल तर एकच प्रश्न विचारावा: ‘काय झालं म्हणजे तुम्हाला बाहेर जाणं सुरक्षित वाटेल?’ घाबरलेला माणूस काहीतरी अट सांगतो, दुसरा डोस झाला की, रुग्ण कमी झाले की. भ्रमात असलेल्याकडे एकतर अट नसते, किंवा ती पुरी झाली की पुढे सरकते.

करणी, भानामती, अंगात येणं: हेही तसंच?

इथे गल्लत होते. एखादी समजूत आख्ख्या गावात चालत आलेली असेल, तर ती चूक असली तरी मनोविकारशास्त्र तिला भ्रम म्हणत नाही. ती संस्कृतीतून शिकलेली असते. मराठवाड्यात एकेकाळी गाजलेल्या भानामतीच्या प्रकारांत अनेकजणी एकत्र बाधित व्हायच्या, पण तो बहुतेक ताणाचा आणि अनुकरणाचा सामूहिक प्रकार. खिळून बसलेल्या खात्रीचा नव्हे.

ओळख पटवायची एक युक्ती आहे. त्या माणसाच्या समाजातले, त्याच समजुती मानणारे लोक काय म्हणतात? करणी मानणारा चुलताच म्हणू लागला की ‘अहो, हे जरा अतीच होतंय’, देवऋष्यानेही ‘काही नाही, घरी जा’ म्हणून पाठवलं, तरी घरातल्या दोघांची खात्री हलत नाही, तेव्हा ते श्रद्धेच्या पलीकडे गेलं. आणि भूत उतरवण्याच्या नावाने मारणं, साखळीला बांधणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही साखळदंडाला बंदी आहे.

बुराडीचं घर तर चारचौघांत होतं

आक्षेप बिनतोड आहे. दिल्लीच्या बुराडीत १ जुलै २०१८ च्या सकाळी एकाच कुटुंबातले अकरा जण मृतावस्थेत सापडले. त्यांची दुकानं चालू होती, मुलं शिकत होती, आदल्याच महिन्यात घरात साखरपुडा झाला होता. तुटलेपणा कुठे होता?

घरात वर्षानुवर्षं लिहिलेल्या वह्या सापडल्या. दिवंगत वडिलांच्या सूचना म्हणून कुटुंबातला एकजण जे सांगायचा ते त्यांत होतं: कधी उठायचं, कसं वागायचं, कुठला विधी करायचा. तपासात मृतांच्या मनःस्थितीचा मागोवा घेणारा मानसशास्त्रीय अहवाल केंद्रीय प्रयोगशाळेकडून करवून घेतला गेला. त्याचा निष्कर्ष, ही आत्महत्या नव्हे, विधी करताना झालेला अपघात. म्हणजे मरायचं कुणाच्या मनात नव्हतं.

तुटलेपणा कुलपाचाच असतो असं नाही, गुप्ततेचाही असतो. माणूस दिवसातून पन्नास जणांशी बोलतो, पण ती एक गोष्ट कुणाशीच बोलत नाही, तेव्हा त्या गोष्टीपुरतं घर बंदच असतं. शिवाय तिथे घरातली उतरंडही होती. वडिलांच्या जागी बोलणाऱ्याला ‘हे बरोबर नाही’ म्हणायचं कुणी?

वेगळं केलं की दुसरा बरा होतो का?

जुनी पुस्तकं सांगतात, दोघांना वेगळं करा, दुसऱ्याचा भ्रम आपोआप विरघळेल. काहींचा विरघळतो, आठवड्या-दोन आठवड्यांत. पण सरसकट धरून चालणं चुकीचं. बऱ्याच दुसऱ्या व्यक्तींनाही औषधं लागतात, आणि ताटातूट स्वतःच मोठा आघात असतो. ज्या दोघांनी वर्षानुवर्षं फक्त एकमेकांना पाहिलं, त्यांना एका संध्याकाळी दोन वॉर्डांत टाकलं तर दुसरा माणूस खोल नैराश्यात जाऊ शकतो. पहिले काही दिवस त्याच्याजवळ कुणीतरी ओळखीचं सतत हवं.

पहिल्या व्यक्तीवर भ्रम-भास कमी करणारी औषधं चालतात. झोप आणि अस्वस्थता काही दिवसांत सुधारते; भ्रमाची पकड सैल व्हायला सहसा दोन ते सहा आठवडे लागतात. घरचे चौथ्या दिवशी विचारतात, ‘अजून तेच बोलतेय, औषध लागू पडत नाही का?’ थांबावं लागतं. वजन, रक्तातली साखर आणि चरबी औषध सुरू करताना व नंतरही ठरावीक अंतराने तपासतात, कारण काही औषधांनी ती वाढते. हातपाय कडक होणं, कंप, बसवत नाही अशी तगमग दिसली तर औषध मनाने बंद न करता डॉक्टरांना कळवावं. मात्रा किंवा औषध बदलता येतं. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत या औषधांचा धोका जास्त असतो, त्यामुळे तिथे कमीत कमी मात्रा, थोडे दिवस.

भ्रम जातो तो ‘मी चुकले’ म्हणून जात नाही. बहुतेकदा माणूस म्हणतो, ‘आता बंद केलंय त्यांनी.’ वादात पडू नये. हीसुद्धा प्रगतीच.

बाहेरच्यांनी काय करायचं

पहिली चूक म्हणजे पुरावे देत बसणं. दुसरी त्याच्या उलट: ‘हो हो, सोडतात वायू’ म्हणून भ्रमाला दुजोरा. मधली वाट भावनेशी बोलायची. ‘रात्रभर झोप नाही म्हणजे हाल होत असतील हो काकू.’ यात खोटं काही नाही. मदतही त्याच वाटेने सुचवावी: झोपेसाठी, कानासाठी, बीपी तपासायला. ‘मानसोपचार’ शब्द पहिल्या दिवशी काढला तर दार कायमचं बंद होतं.

दोघांतला कमी खात्री असलेला कोण, ते हेरावं. ‘असेल’, ‘ताई म्हणते’ असं बोलणारा तो. त्याला एकट्याला घराबाहेरचं काहीतरी निमित्त द्यावं, बँकेत सही करायला, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला. तासाभराचं बाहेरचं जगही पडताळ्याची फट उघडी ठेवतं.

सोय करून देणं हा अवघड मुद्दा. दाराशी किराणा ठेवल्याने भ्रम टिकतो, आणि न ठेवल्याने माणसं उपाशी राहतात. ठेवावाच, पण जमेल तिथे दर वेळी थोडी अट घालून. दार उघडून हातात घ्या, दोन मिनिटं तोंड दाखवा. बंद दारामागचा आवाज क्षीण झाला, फोनवर कायम एकच जण बोलू लागला आणि दुसरा ‘झोपलाय’ असं रोज ऐकू आलं, की वाट बघणं संपलं.

तेव्हा कायदा हाताशी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०१ नुसार, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची घरात हेळसांड किंवा छळ होतोय असं वाटलं तर कुणीही पोलीस ठाण्याला कळवावं, नातेवाईकच हवा असं नाही. ठाणे अंमलदाराने ते दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं, आणि दंडाधिकारी तपासणीसाठी जास्तीत जास्त दहा दिवस सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत ठेवायचा आदेश देऊ शकतात. जिवाला तातडीचा धोका असेल तर कलम ९४ खाली कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार सुरू करू शकतो, रुग्णालयात नेण्याची सोयही त्यातच येते. त्यापुढे संमतीशिवाय दाखल करायचं तर कलम ८९: नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसाचा) अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, कमाल तीस दिवस. ‘भरती करून टाका’ इतकं ते सोपं नाही, आणि नसावंच. लोकांना नको झालेल्या बायका, भाऊ, वाटेकरी यांना वेडं ठरवून कोंडल्याचा इतिहास त्यामागे आहे.

सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही चालतो. घरात मूल असेल तर १०९८, वृद्धांसाठी १४५६७, तातडीला ११२. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची संस्था. पण सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागापासूनही करता येते, आणि लहान गावातून तेच सोयीचं.

दार उघडल्यावरचे पहिले दोन दिवस

यात चांगल्या हेतूने जीव जाऊ शकतो, म्हणून हे वेगळं. महिनोन्महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसाला शेजारी मायेने भरलं ताट वाढतात, कुणी साखरेचं पाणी देतं. उपाशी शरीर चरबीवर चालायला शिकलेलं असतं. अचानक भात, साखर, ग्लुकोज आलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. हृदयाची लय बिघडते, श्वास थकतो. सहसा पहिल्या काही दिवसांतच हे घडतं, म्हणजे ‘आता सुटली बिचारी’ असं वाटत असताना.

पाच दिवसांहून जास्त जवळजवळ न खाल्लेला माणूस धोक्यात धरायचा. त्याला आधी रुग्णालय. तिथे पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त अन्न देत नाहीत. उपासमार दहा दिवसांहून मोठी असेल तर त्याहून कमी, वजनाच्या किलोमागे दिवसाला दहा कॅलरींपासून. म्हणजे चाळीस किलोच्या बाईला दिवसभरात चारशे कॅलरी, जेमतेम दोन पोळ्या आणि कपभर दूध. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्व, आणि रोज रक्ततपासणी. सोबत गेलेल्या शेजाऱ्याने कॅज्युअल्टीत एक वाक्य न विसरता सांगावं: ‘यांनी अमुक दिवस नीट खाल्लेलं नाही.’ मनोरुग्ण म्हणून आणलेल्या माणसाचं पोट तपासायचं राहून जातं.

घर लगेच धुऊन-पुसून, सामान भंगारात देऊन चकाचक करू नये. आत वह्या, औषधांच्या पट्ट्या, तारखा टाकलेली कॅलेंडरं असतात. भ्रम कधी सुरू झाला, कोणाला आधी झाला, झोप कधी तुटली हे डॉक्टरांना त्यावरून कळतं. फोटो काढावेत, औषधं पिशवीत घालून सोबत न्यावीत. आणि परत येतील तेव्हासाठी कामवालीशी, दूधवाल्याशी आधीच बोलून ठेवावं. घराची दुसरी किल्ली कुणाकडे राहील, तेही डिस्चार्जच्या कागदावर सही होण्याआधी ठरवून घ्यावं.